कोयत्याची आकडी व तरवारीचें म्यान

(१)

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या घरीं जाण्याचा योग आम्हांस पुष्कळदां आला आहे. आपण पोथ्या पाहावयास जावें आणि शेवटीं यजमानांनीं भिंतीवरील तरवारी, कट्यारी व खंजीर काढून दाखवावे, असा क्रम बहुधा ठरलेला असतो. पात्याचें पाणी, मुठीवरील सोन्याचें काम, त्यावर कोरलेलीं अक्षरें यांविषयीं यजमान तासन् तास बोलतात. म्यान कोठें आहे असें विचारलें म्हणजे मात्र ‘तें कुजलें होतें, टाकून दिलें’ एवढेंच उत्तर मिळतें.

हा दोष आम्ही दुसऱ्याच्या पदरीं बांधीत नाहीं. तो प्रथम आमचाच आहे. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका कुटुंबाकडून पोथ्यांच्या बासनांबरोबर एक कट्यार आमच्याकडे आली. तिचें म्यान लांकडाचें असून वर मखमल चढविलेली होती. मखमल बहुतेक गळून गेली होती व लांकडास कीड लागली होती. ती कीड पोथ्यांस लागेल या भीतीनें आम्हीं तें म्यान त्याच दिवशीं बंबांत घातलें आणि आपण मोठें शहाणपण केलें असें मानलें. पुढें कांहीं वर्षांनीं एका अभ्यासकानें विचारलें कीं, ही कट्यार शेल्यांत नुसती खोवीत असत कीं पट्ट्यास अडकवीत असत, आणि ती उजव्या बाजूस असे कीं डाव्या? उत्तर द्यावयास आमच्यापाशीं पातें होतें, मूठ होती. पण ज्यावर तें उत्तर लिहिलेलें होतें तें लांकूड आम्हींच जाळलें होतें.

तेव्हांपासून म्यान या वस्तूकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. प्रस्तुत लेखांत मांडावयाचें तें इतकेंच कीं, पातें काय कापूं शकतें हें पात्यावरून कळतें. परंतु तें कोणी, कोठें व कोणत्या कामासाठीं अंगावर बाळगलें, हें तें ज्यांत राहत होतें त्या वस्तूवरून कळतें. आणि याचें सर्वांत चांगलें उदाहरण तरवारीचें नसून आमच्या कोंकणांतील कोयत्याचें आहे.

(२)

प्रथम शब्दांकडे पाहूं. पाणिनीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत ९६ वें सूत्र आहे. त्यांत कुल, कुक्षि व ग्रीवा या तीन शब्दांस एकच प्रत्यय सांगितला असून साधणाऱ्या शब्दांचे अर्थ अनुक्रमें कुत्रा, तरवार व अलंकार असे नेमून दिले आहेत. कुलांतला तो कौलेयक, म्हणजे पाळलेला कुत्रा. ग्रीवेवरचें तें ग्रैवेयक, म्हणजे गळ्यांतला दागिना. आणि कुक्षींतला तो कौक्षेयक, म्हणजे खड्ग. कुक्षि म्हणजे उदर, कूस. येथें कुक्षि शब्दानें म्यानाची पोकळी घ्यावी कीं धारण करणाराची कूस घ्यावी, अशीं दोन मतें संभवतात. शेजारीं ग्रीवा शब्द असल्यामुळें शरीराचाच अवयव घेणें आम्हांस अधिक सरळ वाटतें. परंतु कोणतेंही मत घेतलें तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. ही कीं, येथें तरवारीस नांव मिळालें तें तिच्या धारेवरून नव्हे, वजनावरून नव्हे, तर ती जेथें राहते त्या ठिकाणावरून.

फारसीचा प्रकारही असाच आहे. मियान म्हणजे मध्य. त्यावरून शरीराचा मध्य, म्हणजे कंबर. त्याच शब्दानें तरवारीचें वेष्टन दाखविलें जाऊं लागलें आणि तोच आपल्याकडे म्यान होऊन आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें राजव्यवहारकोश रचला, त्यांत शस्त्रवर्ग म्हणून स्वतंत्र वर्ग आहे. यावनी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द रूढ करावे हा त्या ग्रंथाचा हेतु होता. तथापि लोकांच्या तोंडीं म्यान राहिलें तें राहिलेंच. संस्कृतांत कुशीवरून नांव पडलें, फारसींत कंबरेवरून पडलें. दोन्हीं भाषांस म्यान हें प्रथम अंगाचें ठिकाण वाटलें व मग वस्तु वाटली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां अमरकोश पाहावा. क्षत्रियवर्गांत खड्गाचीं नांवें दिलीं आहेत, त्यांत कौक्षेयक आहेच. मुठीस त्सरु व खड्गाच्या बंधनास मेखला हे शब्द तेथेंच आहेत. लहान सुरीस शस्त्री, असिपुत्री, छुरिका व असिधेनुका अशीं चार नांवें आहेत. आपली सुरी ही या छुरिकेचीच लेक. नानार्थवर्गांत कोश शब्दाच्या अर्थांत खड्गाचें झांकण हा अर्थ सांगितला असून त्याच्या शेजारीं फुलाची कळी व द्रव्याचा सांठा हे अर्थ आहेत. कळी, खजिना व म्यान या तिघांस एका शब्दांत बसविणारानें म्यानाचा धर्म अचूक ओळखला होता. आंत मोलाची वस्तु, ती बंद, आणि वेळ येईल तेव्हांच बाहेर यावयाची.

पुढें वैश्यवर्गांत यावें. तेथें दात्र व लवित्र हे विळ्याचे पर्याय दिले आहेत आणि लागलीच जोताच्या दोरीचीं नांवें सुरू होतात. विळा शेतकरी कोठें ठेवतो, त्याचें बंधन कोणतें, याचा शब्द नाहीं. खड्गाच्या मुठीपासून पट्ट्यापर्यंत सर्व अवयवांस नांव आहे, विळ्याच्या फक्त पात्यास आहे. अमरसिंहास दोष देण्याचें कारण नाहीं. आपल्या संग्रहांतही आज तीच स्थिति आहे.

(३)

शिपायाच्या म्यानाचा धर्म समजल्यावांचून कोयत्याचा समजावयाचा नाहीं, म्हणून त्याचें थोडें वर्णन करतों. तरवारीचें म्यान बहुधा दोन लांकडी फळ्या आंतून कोरून, जोडून, त्यावर चामडें किंवा मखमल चढवून करीत. तोंडाशीं धातूची मोहनाळ व टोकाशीं तहनाळ बसवीत. मोहनाळ पात्यास घट्ट धरते, तहनाळ टोंकास लांकूड फोडूं देत नाहीं. तें खांद्यावरून आलेल्या पडदळ्यास किंवा कंबरपट्ट्यास टांगतात. घोड्यावर बसणाराची तरवार अशी टांगलेली असते कीं स्वाराच्या हालण्याबरोबर ती हलावी, पण पाय अडवूं नये.

कट्यारीची रीति निराळी. तिचें पातें आंखूड व त्रिकोणी, मूठ आडव्या दांड्यांची. मोगल व दख्खनी चित्रांत ती शेल्यांत समोर किंवा किंचित् बाजूस खोवलेली आढळते. तेथें पट्ट्याचें काम शेलाच करतो. कापडाच्या वेढ्यांत म्यान आवळलें जातें, आणि मूठ ओढली म्हणजे पातें तेवढें बाहेर येऊन म्यान जागच्या जागीं राहतें. म्यानावरील मखमल आम्ही पूर्वीं केवळ शोभेची समजत होतों. रेशमी शेल्यांत गुळगुळीत लांकूड निसटेल, पण मखमल धरून राहील, असें आतां वाटतें. आमच्या हातून जळालें त्या म्यानाच्या मखमलीवर एका बाजूस जास्त झीज होती असें स्मरतें; ती उजवी कीं डावी हें मात्र स्मरत नाहीं.

या दोन्हीं प्रकारांत एक गोष्ट समान आहे. शस्त्र दिवसभर आंत असतें व प्रसंग आला तर एकदां बाहेर येतें. म्हणून म्यानाचें पहिलें काम राखण्याचें. धारेस गंज लागूं नये, धारेनें धारण करणारास इजा होऊं नये आणि लोकांत वावरतांना शोभा असावी. परत आंत घालण्यास दोन हात लागले, खालीं पाहावें लागलें, तरी बिघडत नाहीं. कारण तोपर्यंत प्रसंग टळलेला असतो.

(४)

कोयत्याचा दिवस याच्या अगदीं उलट असतो. तो बाहेर असतो तोच त्याचा काळ. आंत ठेवणें म्हणजे दोन घावांमधील विसांवा. झाडाची फांदी तोडावी, कोयता कंबरेस लावावा, दोन्हीं हातांनीं फांदी ओढावी, पुन्हां कोयता घ्यावा. असें दिवसांतून शेंकडों वेळां होतें. कोयता हा शब्दच कापण्याचा आहे. कन्नडांत कोय्यु म्हणजे कापणें, आणि मलयाळमांत कोय्त्तु म्हणजे पिकाची कापणी. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील या सर्व पट्ट्यांत शब्द व अवजार हीं दोन्हीं एका कुळांतलीं दिसतात.

कोंकणांत व ठाणें-रायगडाच्या डोंगरांत कोयता कंबरेस नेण्याचें जें साधन आहे त्यास आकडी म्हणतात. आम्हीं पाहिलेल्या आकड्या वीतभर लांब व चार बोटें रुंद अशा चिवट लांकडाच्या होत्या. मध्यें आरपार खांच, दोन्हीं टोकांस दोरी ओवण्याची सोय. दोरी पूर्वीं वाखाची असे. आतां बहुधा नायलॉनची असते. आकडी पोटावर नव्हे, कुशीवर नव्हे, तर पाठीमागें, माकडहाडाच्या जरा वर बांधतात. पातें वरून खांचेंत सोडलें म्हणजे तें आपल्या रुंदीनें व टोकाच्या वळणानें अडकतें आणि मूठ वर राहते. पातें उघडें असतें. झांकण नाहीं, चामडें नाहीं, तळ नाहीं.

एका विद्वान् स्नेह्यांचें मत असें कीं, आकडी हें गरिबाचें म्यान होय. ज्यास चामडें परवडत नाहीं तो लांकडाच्या तुकड्यावर भागवितो. आमचेंही मत पूर्वीं याहून फार निराळें नव्हतें. तें बदललें तो प्रसंग येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांतील एका डोंगरी किल्ल्यावर शिलालेख आहे असें कळल्यावरून आम्ही दोघे तिघे पावसाळ्याच्या अखेरीस तेथें गेलों होतों. त्या बाजूस पाऊस वर्षास १०० इंचांहून अधिक पडतो, आणि आश्विनांत वाटा कारवीनें बुजलेल्या असतात. वाट दाखविण्यास गांवचा एक वृद्ध कुणबी बरोबर होता. त्याच्या पाठीशीं आकडींत कोयता होता. आम्हींही एक कोयता घेतला होता आणि आपल्या बुद्धीनें त्यास चांभाराकडून जाड चामड्याचें म्यान शिवून घेतलें होतें. तें आम्ही डाव्या कुशीस, पाणिनीच्या सूत्रास धरून, बांधलें होतें.

पहिल्याच चढणीस म्यान मांडीवर आपटूं लागलें. लेखाच्या शोधांत खडकापाशीं उकिडवें बसलों तों म्यानाचें टोंक जमिनीस लागून मूठ बरगडींत रुतली. कारवी तोडून कोयता परत ठेवावयाचा तर दर वेळीं म्यानाचें तोंड हातानें धरावें, खालीं पाहावें, मग पातें आंत सारावें. इतक्यांत म्हातारा दहा पावलें पुढें गेलेला असे. दुसरे दिवशीं पाऊस लागला. चामडें पाण्यानें फुगलें, आंत चीक व पाला सांचला, आणि कोयता निघेना. डाव्या हातानें म्यान आवळून जोर केला तेव्हां पात्यानें शिवण कापली व त्याबरोबर आमचा तळवाही. जखम खोल नव्हती, पण लेखाचा ठसा त्या दिवशीं घेतां आला नाहीं. म्हातारा धोतराची चिंधी बांधतां बांधतां म्हणाला, “गुरुजी, कोयत्याला घर नको. खुंटी पुरे.”

चाळीस वर्षें व्याकरण शिकविलें, पण घर व खुंटी यांतील भेद कोणीं इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेला आम्हांस आठवत नाहीं. त्याच्या त्या वाक्यावरून विचार करूं लागलों तों आकडीच्या प्रत्येक ‘उणिवे’स कारण आहे असें दिसूं लागलें. तळ नाहीं, म्हणून पाणी, चीक व कचरा खालीं गळून जातो. झांकण नाहीं, म्हणून पातें वाऱ्यानें वाळतें. बंद चामड्यांत ओलें राहून गंजत नाहीं. जागा पाठीमागें, म्हणून बसतांना, वांकतांना, झाडास मिठी मारून चढतांना पोट व मांड्या मोकळ्या राहतात. ताठ लांकूड असल्यामुळें खांच नेहमीं उघडी व एकाच ठिकाणीं असते. हात न पाहतां तेथें जातो. गोव्यांत माडाची सूर काढणारा रेंदेर आपली काती अशीच पाठीशीं कंबरेस लावून वर चढतो. त्यास दोन्हीं हात झाडास हवे असतात. धारेपासून रक्षण कसें होतें, असें कोणी विचारील. तर काम करणाराचा हात पाठीमागें जातो तो मुठीकडेच जातो, आणि कंबरेखालीं पातें शरीरापासून किंचित् दूर लोंबतें. मागून चालणारानें मात्र अंतर राखावें लागतें. आकडीचा हा एक खरा दोष आहे व तो आम्ही लपवीत नाहीं.

(५)

तथापि आमच्या स्नेह्यांचा आक्षेप एवढ्यानें मिटत नाहीं. गरिबीनें जें आलें तें पुढें सोयीचें ठरलें असेल, असें ते म्हणूं शकतील. याचा निर्णय करावयाचा तर जेथें गरिबीचें कारण नाहीं असें उदाहरण पाहिजे. तें कोडगू देशांत, म्हणजे पूर्वीच्या कुर्गांत, मिळतें.

कोडव पुरुषाच्या समारंभाच्या वेषांत कुप्य नांवाचा काळा अंगरखा व चेले नांवाचा रेशमी कंबरपट्टा असतो. त्या पट्ट्यांत समोरच्या बाजूस पीचे कत्ति खोवलेली असते. ही लहान सुरी. तिच्या म्यानास चांदीचें काम व सांखळ्या असतात. त्याच पुरुषाच्या पाठीशीं दुसरें पातें असतें. त्यास ओडि कत्ति म्हणतात. हें रुंद, जड व पुढें वळलेलें पातें आमच्या कोयत्याचें थोरलें भावंड शोभेल. तें म्यानांत नसतें. पाठीवर तोडंग नांवाची धातूची पकड पट्ट्यास बसविलेली असते व तींत हें पातें उघडेंच अडकवितात. नवरदेव लग्नांत केळीचे खांब एका घावांत तोडतो तो याच कत्तीनें. सप्टेंबराच्या आरंभीं कैलपोळ्दु सणास शस्त्रें मांडून पूजा करतात तेव्हांही ती असते.

येथें एकाच माणसाच्या अंगावर, एकाच वेळीं, दोन्हीं रीति आहेत. म्यान करण्याची ऐपत आहे, कसब आहे, हौस आहे. लहान सुरीसाठीं चांदीचें म्यान केलेंच आहे. असें असून मोठ्या पात्यास म्यान नाहीं, पकड आहे. आणि तीही धातूची घडविलेली. तेव्हां उघडी पकड ही म्यानाची गरीब बहीण नसून स्वतंत्र वस्तु आहे. टोचण्याचें, जपण्याचें, मिरविण्याचें पातें समोर व बंद. तोडण्याचें पातें पाठीमागें व उघडें. लांकडाची आकडी व धातूची तोडंग यांचा आकार निराळा, द्रव्य निराळें, पण तत्त्व एकच आहे. आकडी ही पहिलीच पायरी असून म्यान ही पुढची, असा क्रम लावणें म्हणूनच चूक होय.

(६)

मग मोठ्या कामाच्या पात्यास म्यान कोठेंच नाहीं काय? आहे, आणि अपवाद नीट पाहिला तर नियम अधिक स्पष्ट होतो. नेपाळची खुकरी शेतकऱ्याचीही आहे व शिपायाचीही. १८१४ ते १८१६ च्या गोरखा युद्धांत इंग्रजांची तिच्याशीं ओळख झाली आणि पुढें गोरखा पलटणींबरोबर ती जगभर गेली. तिचें म्यान दोन लांकडी फळ्यांचें, वर चामडें ओढलेलें, टोंकास धातूची टोपी, असें असतें. पातें पुढें वांकलेलें व मध्यें रुंद असल्यामुळें म्यानाचें तोंडही रुंद ठेवावें लागतें. म्यानाच्या पाठीस दोन लहान कप्पे असतात. एकांत करद नांवाची लहान सुरी व दुसऱ्यांत चकमक असते. चकमकीस धार नसते. ती मोठ्या पात्याची धार सारखी करण्यास व गारेवर आपटून ठिणगी पाडण्यास उपयोगी पडते. एका म्यानांत दोन तरवारी राहत नाहींत अशी आपल्याकडे म्हण आहे. खुकरीच्या म्यानांत तीन जिन्नस सुखानें नांदतात.

हें म्यान कां आहे? एक कारण तर उघड आहे. खुकरी बाळगणारा डोंगरांतून दूरचा प्रवास करतो व तिच्याबरोबर बारीक कामाची सुरी व विस्तव पाडण्याचें साधनही नेतो. त्यास चालतें घर हवें. दुसरें, तीच वस्तु शिपायाची असल्यामुळें तीस राखणेंही आलें. अर्थात् जेथें पातें कामाचें असून प्रवासाचें व युद्धाचेंही आहे तेथें म्यान आलें. जेथें तें निव्वळ दिवसाच्या मेहनतीचें आहे तेथें खुंटी राहिली. संग्राहकांसाठीं एक सावधगिरीची सूचना येथेंच देतों. खुकरी बाहेर काढतांना म्यान धारेच्या बाजूनें मुठींत धरूं नये, पाठीच्या बाजूनें धरावें. जुन्या म्यानाचा सांधा उकललेला असतो आणि पातें सांध्यांतून बोटांवर येतें. आमच्या तळव्यावरील व्रण या सूचनेस साक्षी आहे.

(७)

पातें सारखें असतां शस्त्र कोणतें व अवजार कोणतें, हा प्रश्न केवळ संग्राहकाचा नाहीं. मलबारांत १८५४ सालीं युद्धाच्या सुऱ्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. कलेक्टर कॉनली यांनीं गांवोगांव हिंडून हजारों सुऱ्या जमा केल्या, आणि १८५५ च्या सप्टेंबरांत त्यांचा खून झाला. कोडवांस मात्र १८६१ सालीं हत्यारांच्या कायद्यांतून सूट मिळाली. पुढें १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून तरवार, खंजीर, भाला घेऊन हिंडणें बंद झालें. स्वतंत्र हिंदुस्थानांत १९५९ सालीं नवा कायदा झाला, त्यांत केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठीं केलेल्या वस्तु वगळल्या. १९६२ च्या नियमांत पात्याची लांबी ९ इंच व रुंदी २ इंच ही मर्यादा घातली असून तेथेंही शेतीचीं व घरगुती अवजारें वेगळीं काढलीं.

या मालिकेंतून निघणारा अर्थ आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मोजपट्टी पात्याची लांबी सांगते, हेतु सांगत नाहीं. म्हणून कायदे करणारांस प्रत्येक वेळीं मोजपट्टीपुढें हेतूचा अपवाद जोडावा लागला. इतिहासाच्या अभ्यासकासही तोच पेंच आहे. मूठ नसलेलें, गंजलेलें, रुंद, पुढें वळलेलें पातें एखाद्या वाड्याच्या तळघरांत सांपडलें, तर तें शिलेदाराचें कीं बागाइतदाराचें? पात्यावरून सांगतां येत नाहीं. शेजारीं तहनाळेचा तुकडा सांपडला तर एक उत्तर. खांच पाडलेलें लांकूड सांपडलें तर दुसरें. परंतु तहनाळ धातूची म्हणून उचलली जाते व लांकूड जळणांत जातें. यामुळें आपल्या संग्रहांत शस्त्रांची संख्या खऱ्याहून फार अधिक व अवजारांची फार थोडी दिसते, आणि त्यावरून आपण आपल्या पूर्वजांचें चित्र काढतों. जो देश शेंकडा नव्वद कोयत्यानें जगला तो तरवारीनेंच जगला असें त्या भिंती सांगतात.

(८)

पुण्यांत दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला आणि अडकित्ते, दिवे, घरगुती भांडीं अशा रोजच्या वस्तु जमविल्या. त्या काळीं या वस्तूंस कोणी पुराणवस्तु म्हणत नव्हतें; आज त्या पाहावयास लोक दुरून येतात. आकडीच्या वांट्यास असा कोणी आलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तिजवर नांव नाहीं, सन नाहीं, सोनें नाहीं. एक झिजली म्हणजे दुसरी करावयाची व जुनी चुलींत घालावयाची, असा तिचा रिवाज आहे. आणि जो ती हातानें करतो त्याचा मुलगा बहुधा मुंबईस असतो.

म्हणून वाचकांस आमची पुढील विनंति आहे.

१. तरवार, कट्यार किंवा खुकरी मिळाल्यास तिचें म्यान, तें कितीही जीर्ण असो, टाकूं नये. कीड असल्यास तें पोथ्यांपासून दूर, निराळ्या पेटींत ठेवावें. बंबांत घालूं नये.

२. पातें जुन्या चामडी म्यानांत कायमचें ठेवूं नये. चामडें ओल धरतें व लोखंड गंजतें, पितळेवर हिरवा कळंक चढतो. पातें व म्यान शेजारीं शेजारीं, परंतु वेगळीं, आणि एकाच क्रमांकाखालीं ठेवावीं.

३. म्यानावर दोरी, कडी किंवा पट्टा ज्या बाजूस असेल ती बाजू टिपून ठेवावी. झीज कोठें आहे तें टिपावें. शस्त्र डावीकडे होतें कीं उजवीकडे, उभें होतें कीं आडवें, हें त्यावरून निघतें.

४. ज्यांच्या गांवीं आकडी अद्याप वापरांत आहे त्यांनीं तिचें माप, लांकडाचें नांव, दोरीचा प्रकार, बांधण्याची रीति व स्थानिक शब्द लिहून घ्यावे. नवी करून मागूं नये. वापरलेली मागावी व तिच्या बदल्यांत नवीचे दाम द्यावे. खांचेच्या एका कांठास जी झीज असते ती नवीस येत नाहीं, आणि धरणारा उजवा होता कीं डावरा हें त्या झिजेंतच असतें.

५. ज्यांस स्वतः रानांत मोठें पातें न्यावयाचें आहे त्यांनीं तें कशांत न्यावें हें ठरवितांना घरींच चार परीक्षा कराव्या. तें बांधून उकिडवें बसतां येतें काय. पायरी चढतां मांडीस लागतें काय. न पाहतां एका हातानें पातें परत ठेवतां येतें काय. आणि घागरभर पाणी ओतल्यावर तें सुटतें काय. पातें दिवसांतून एकदां लागणार असेल तर म्यान चांगलें; शंभरदां लागणार असेल तर आकडी चांगली. किल्ले पाहावयास जाणाऱ्या तरुणांच्या मांडीवर लोंबणारीं म्यानें पाहून ही सूचना करावीशी वाटली.

त्या डोंगरावर पुढल्या वर्षीं आम्ही पुन्हां गेलों व लेखाचा ठसा घेतला. वाट दाखविणारा म्हातारा तेव्हां राहिला नव्हता. त्याच्या घरच्यांनीं त्याचा कोयता मुलासाठीं ठेवला होता. आकडी मात्र, आम्हीं मागितली तेव्हां, हंसून दिली. ती सध्यां आमच्या पोथ्यांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. तिच्या खांचेचा उजवा कांठ डाव्याहून सुमारें दोन सुतें खोल झिजलेला आहे. आमच्या जवळच्या कट्यारीविषयीं जें सांगतां येत नाहीं तें या लांकडाच्या तुकड्याविषयीं आम्ही निश्चयानें सांगूं शकतों: हिचा धनी उजवा होता.